गायकवाड सरांचा चार्जिंगचा गुडघा

आमच्या लोहाऱ्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांचे डबे उघडले की किस्सेही उघडतात, आणि उरलेले तसेच साठत जातात. त्यातून पीटीचे गायकवाड सर पुण्याहून मोटारीच्या गुडघ्याचा कृत्रिम पाय बसवून आले, तेव्हापासून तर नुसती चंगळ आहे!

सर मुलींच्या खो-खो संघाचे कोच. उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलं आणि डावा पाय मांडीपासून गेला. दुसरा कुणी खचला असता. हे हजर झाले ते गळ्यात शिट्टी घालूनच.

हेडसरांना काळजी. "गायकवाड, तुम्ही आता वाचनालय सांभाळा. मैदानात पडलात म्हणजे?"

"सर, जिल्ह्याच्या सामन्यांपर्यंत मैदान द्या. न्हाई जमलं, तर वाचनालयाची किल्ली मीच मागाया येतो."

हेडसर कबूल झाले. पण किल्ली मात्र त्यांनी खिशातच ठेवली.

*

या गुडघ्यात बॅटरी असते. मोबाईलसारखी रोज चार्ज करावी लागते. संपत आली की गुडघा थरथरतो आणि बारीक आवाजात वाजतो.

एकदा सर आणि मी नळदुर्गहून जीपनं येत होतो. जीपमध्ये माणसावर माणूस! मध्येच गुडघा वाजायला लागला. झाडून सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. शेजारचे पटकेवाले आजोबा वैतागले, "कुणाचा फोन हाय रं? उचला की!"

सर म्हणाले, "आजोबा, माझा गुडघा हाय. भूक लागली त्याला."

आजोबांनी वाकून गुडघ्याला कान लावला. मग आपल्या पायांवर हात ठेवून म्हणाले, "आमचे तर दोन्ही वाजत्यात. पर ह्याचा आवाज लई गोड हाय!"

*

ढोकीला सरांच्या भाचीचं लग्न होतं. मांडवात शिरताच यजमान पुढं आले, "या सर, च्या घ्या."

"च्या मागनं. आधी प्लग दावा."

"मोबाईल लावायचा व्हय?"

"न्हाय, पाय!"

एकच प्लग, आणि त्यावर नवरदेवाचा मोबाईल. तो काढून सरांचा पाय लावला. मंगलाष्टका होईस्तोवर सर वायरीनं भिंतीला बांधलेले. अक्षता त्यांनी तिथूनच फेकल्या. त्या सगळ्या आचाऱ्याच्या डोक्यावर पडल्या!

*

सर त्या गुडघ्याला बैलासारखं जपतात. रोज संध्याकाळी मऊ फडक्यानं धूळ पुसायची, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. त्यांच्या आईला, म्हणजे आमच्या अक्कांना, हे पाठ आहे. तरी खंडेनवमीला घोटाळा झालाच.

त्या दिवशी आपल्याकडं घरोघर हत्यारं-औजारं पुजतात. सर कुबडीवर अंघोळीहून आले, तर अक्कांनी विळा, खुरपं, कुऱ्हाड मांडलेली आणि मधोमध पाटावर पाय! हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली. अक्का तांब्यातलं पाणी शिंपडणार तोच सर ओरडले, "आई, पाणी नगं! मोटार हाय त्यात!"

"बरं, नुसत्या अक्षता टाकते."

पूजा झाली. सर पाय घ्यायला वाकले, तर अक्कांनी हात धरला. "पूजेला लावलेलं आज वापरत न्हाईत. उद्या घे."

"अगं, ती कुऱ्हाड न्हाय, माझा पाय हाय!"

"मग? कुऱ्हाडीपरीस जास्ती राबतोय त्यो. एक दिस इसावा नगं व्हय?"

आम्ही भेटायला गेलो, तर सर बाजेवर बसून होते. म्हणाले, "मी हजर हाय. पाय रजेवर हाय."

*

आणि हा किस्सा जिल्ह्याच्या सामन्यांच्या तोंडावरचा. हेडसर सराव बघायला येणार होते. मैदान का वाचनालय, याचा निकाल तेव्हाच लागणार होता. आणि नेमकी आदल्या दिवसापासून गावात लाईट नव्हती!

त्यात वावटळीनं मैदानाच्या एका टोकाचा खांब मोडलेला, नवा अजून सुताराकडं. मुली त्या टोकाला पांढऱ्या फक्कीच्या खुणेवरून वळायच्या आणि चुकायच्या. सर समजवायला तिकडं गेले आणि गुडघा वाजायला लागला. बॅटरी संपली की तो ताठ होतो, मग पाय ओढतच चालावं लागतं. तेवढ्यात फाटकातून हेडसर आत आले. मी कडेला उभा होतो. 

सरांनी एकदा फाटकाकडं बघितलं. मग मोडक्या खांबाच्या जागी दोन्ही पाय रोवले, हात अंगाला चिकटवले आणि गरजले, "पोरींनो, खांब आला! मारा गिरकी!"

पोरी सुसाट सुटल्या. सरांच्या खांद्याला हात लावून गर्रकन वळायला लागल्या. सर जागचे हलले नाहीत. तिथूनच शिट्टी, तिथूनच आरडाओरडा, "आधी खो मिळू दे, मग पळ! वळताना खाली बघू नगं!" एकही पोर चुकली नाही. खरं सांगतो, त्या माणसाच्या अभिमानानं माझे डोळे भरून आले.

हेडसर बराच वेळ बघत राहिले. मग जवळ जाऊन म्हणाले, "गायकवाड, हे काय?"

"सर, एक खांब कमी होता."

गुडघा अजून बारीक वाजत होता. हेडसरांनी त्याच्याकडं बघितलं, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"वाचनालय तुम्ही बघा. हा खांब कुणी हलवायचा नाही."