गोलकीपरचे बाबा

आमच्या मुलींच्या ज्युनिअर हॉकी टीमचे सामने टीव्हीवर दिसू लागले, तसे दोह्याच्या उकाड्यात मैदानावर येणारे पालक घरी एसीत बसू लागले. स्टँडमध्ये मी आणि नाशिकचे ते गृहस्थ, एवढेच उरलो. त्यांची मुलगी गोलकीपर. ते खेळ असा बघतच नसत, फक्त तिच्याकडे बघत. चेंडू गोलकडे वळला की स्टँडपुढची जाळी घट्ट धरून पुटपुटत, "इन्शाल्ला, इन्शाल्ला."

त्या संध्याकाळी चेंडू तिच्या गळ्यावर बसला आणि ती कोसळली. खेळ थांबला. टीव्हीवर बहुधा जाहिराती लागल्या, कारण लगेच त्यांच्या बायकोचा फोन आला.

"अहो, तिला लागलं का?"

"नाही गं. पाय घसरला. उठली पण," ते अगदी शांतपणे म्हणाले.

ती हलतही नव्हती. कोच धावत तिच्याकडे निघाला होता. फोन त्यांच्या हातातून निसटू लागला, म्हणून मीच तो त्यांच्या कानाशी धरला.

फोन ठेवल्यावर त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली आणि डोळे मिटून घेतले.

"वहिनी," ते म्हणाले, "ती उठली की मला सांगा."

मी बघत राहिले. बऱ्याच वेळाने तिने एक हात हलवला.