मापाचा ब्लाऊज

म्हैसुरात माझ्यासारखा अर्ज लिहिणारा माणूस झाला नाही आणि पुढं होण्याचं काही लक्षण दिसत नाही. हे मी अगदी संकोचून, आवाज खाली घेऊन सांगतोय. सरकारी कचेरीत होतो तेव्हा एकाच मसुद्यानं मी बसचा थांबा उचलून एका लंगड्या मास्तरांच्या दारात नेऊन ठेवला होता. दुसरा एक अर्ज वाचताना वरचे साहेब इतके रडले की शाई फुटली आणि प्रत पुन्हा टाइप करावी लागली. खोटं वाटत असेल तर विचारून बघा. कुणाला विचारायचं, ते मात्र मला विचारू नका. साक्षीदार एकेक करून सगळे गेले. थापा मारणाऱ्याला म्हातारपणाची ही मोठी सोय आहे.

गैरसोय अशी, की ऐकणारेही जातात. मी निवृत्त झालो आणि वर्षभरात बायको गेली. तिनं माझ्या एकाही गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नाही. पण स्वयंपाकघरातून, हातातलं काम न थांबवता, "हौदा? मग पुढं?" एवढं म्हणायची. आमच्या घरच्या मराठीत असे कानडी शब्द पोतं फुटल्यासारखे सांडलेले असतात. 'हौदा' म्हणजे नुसतं 'होय का?', पण तिच्या 'हौदा'त 'बास करा आता'पासून 'अजून सांगा'पर्यंत सगळं मावायचं. ती गेल्यावर मी भिंतींना गोष्टी सांगून पाहिल्या. एका भिंतीचा गिलावा पडला, इतकी रंगली होती गोष्ट. पुढं काय, असं मात्र एकीनंही विचारलं नाही.

म्हणून गुरुवार. एका छोट्या धर्मादाय दवाखान्याची जीप दर गुरुवारी हुणसूरच्या पलीकडं एका खेड्यात जायची. तंबाखूचा हंगाम असला की तिथल्या बायका दिवसभर हिरवी पानं काठ्यांना बांधतात, आणि मग त्या काठ्या भट्टीत टांगून पान वाळवतात. पान दवानं ओलं असलं की बांधता बांधता बायकांना चक्कर येते, उलट्या होतात. नवरा म्हणतो पित्त, सासू म्हणते नाटक. जीपमधल्या डॉक्टरबाई, बायकोच्या आजारपणात आमच्या घरी यायच्या त्याच, म्हणत, ओल्या पानाचा रस कातडीतून अंगात जातो. त्यांना हे नीट नोंदवून सिद्ध करायचं होतं: कुणी उघड्या हातानं बांधलं, कुणी हातमोजे घातले, कुणाला कधी चक्कर आली. असे तीन हंगाम. लिहून घ्यायला त्यांना एक फुकट माणूस हवा होता. मी फुकट होतोच, शिवाय रिकामा होतो.

आठवड्यातले सहा दिवस मी सातव्याची वाट बघायचो. जीपमध्ये मी सांगायचो की दसऱ्याच्या हत्तीला डावीकडं वळायला मीच शिकवलं, त्याआधी तो बिचारा सरळ चालत पार बंगळूरपर्यंत जायचा. ड्रायव्हर हसायचा, डॉक्टरबाई "काका, साकु, पुरे आता" म्हणायच्या, आणि खेड्यात पोचलं की पान बांधणाऱ्या बायका ती गोष्ट पुन्हा सांगायला लावायच्या.

मग जीपला पैसा पुरवणारी जुनी देणगी आटली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, या हंगामानंतर जीप बंद. दुसरं कुणी दिलं तरच." जीप बंद म्हणजे त्या बायकांचं पित्त पुन्हा पित्तच राहणार, आणि माझा गुरुवार शुक्रवारासारखा होणार. यातलं मला कशाचं जास्त वाईट वाटलं, ते मी तेव्हा तपासलं नाही. आता तपासलंय, पण सांगणार नाही.

आमच्या गावात एक विठ्ठलभक्त घराणं आहे. तीन पिढ्यांपूर्वी भाड्याच्या खोलीत पायानं शिलाई मशीन चालवणारं. आता कितीतरी शाळांचे गणवेश त्यांच्याकडं शिवले जातात. घरात आमच्यासारखीच कानडी कालवलेली मराठी. त्यांच्या कुटुंबाचा एक न्यास आहे, तो दवाखान्यांना आणि रोगांच्या संशोधनाला देणगी देतो. पद्धत अशी, की आलेले अर्ज एकादशीला विठ्ठलाच्या पायाशी ठेवायचे, आणि द्वादशीला सकाळी, उपास सोडायच्या पंगतीत, निकाल सांगायचा. अर्ज आणणाऱ्यानं तिथं जोडीनं यायचं. घरची सून त्याच्या बायकोची ओटी भरते आणि मंजुरीचं पत्र त्या ओटीतच घालते. पुरुषाच्या हातात कागद देतच नाहीत. आणि घर पडलं शिंप्यांचं. ओटीत नुसतं कापड घालायचं त्यांना लाजिरवाणं वाटतं. ते मापाचा ब्लाऊज शिवून, हुक लावून देतात.

ही शेवटची गोष्ट मला ठाऊक नव्हती.

अर्जाचा नमुना चार पानी. पहिली तीन पानं मी एका बैठकीत हाणली. पान बांधणाऱ्या चाळीस बायका चारशे झाल्या. आमची जीप ओढे पोहून जायला लागली. एक म्हातारी तर बेट्टदपूरच्या डोंगरापलीकडून दर गुरुवारी चालत, आजारी सुनेला डोक्यावर घेऊन यायला लागली. चौथ्या पानावर रकाना होता: अर्ज आणणाऱ्याच्या घरी कोण कोण आहे. तिथं मी लिहिलं, 'आम्ही दोघं. पत्नीची प्रकृती उत्तम.'

शपथेवर सांगतो, ही थाप नव्हती. थाप मारताना मला कळतं, जिभेला चव येते. हे लिहिताना कसलीच चव आली नाही. इतकी वर्षं प्रत्येक फॉर्मवर हेच लिहीत आलो, हात आपला तसाच गेला. लिहिलेलं वाचलं, खोडायला पेन उचललं, आणि खाडाखोड वाईट दिसेल म्हणून खाली ठेवलं. डॉक्टरबाईंनी माझ्यावर भरवसा ठेवून न वाचता सही केली.

एकादशीच्या आधी त्या घरच्या सुनेचा फोन आला.

"काका, अर्ज पोचला हं. द्वादशीला दोघंही या. आणि काकूंच्या मापाचा एक ब्लाऊज आधी पाठवून द्या. आमच्या अक्का स्वतः शिवतात."

"ती टी. नरसीपूरला गेलीय," मी म्हणालो. "बहिणीकडं."

"असू दे की. ब्लाऊज तर घरातच असणार ना?"

"घरात? अहो, तीनशे आहेत!"

फोन ठेवला आणि कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. ते दोन वर्षं उघडलं नव्हतं. चावी सापडायला अडचण नव्हती, मीच लपवली होती. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, साड्यांवर पांढरा कागद. सगळ्यात वरचा ब्लाऊज उचलला. मोतिया रंगाचा. मी तिला माझ्या गोष्टींत नेहमी धिप्पाड करून सांगायचो: एका हातानं जातं उचलणारी, बैलाला दटावणारी. तो ब्लाऊज माझ्या पंजात मावला. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या दुकानात देऊन आलो. परत येताना हाताला तो वास होता, म्हणून जेवायच्या आधी हात धुवायला उगाच वेळ लावला.

द्वादशीला रेशमी धोतर नेसून गेलो, गोष्ट तयार ठेवून. दिवाणखान्यात जोडप्यांसाठी केळीची पानं दोन-दोन मांडलेली. माझ्या शेजारच्या पानापुढं रांगोळी आणि मोगऱ्याचा गजरा. सून म्हणाली, "काका, अक्कांनी आत बोलावलंय."

अक्का म्हणजे घरातल्या थोरल्या, न्यासाच्या प्रमुख. ऐंशीच्या पुढच्या, तरी खिडकीशी मशीन मांडून बसलेल्या. मशीनवर माझा मोतिया ब्लाऊज, शेजारी हिरव्या खणाचं कापड. न कापलेलं.

"बन्नी, या, बसा," त्या म्हणाल्या. "काकू कुठं?"

मी सुटलो. "काय सांगू अक्का! नरसीपूरच्या संगमावर बुडी मारली, ती कावेरीत बुडाली आणि कपिलेत वर आली. काठावरच्या लोकांनी तिला देवी समजून हळदीकुंकू वाहिलं. तिथून सोडेनातच. ओल्या अंगानं दोन तास पूजा! मग सर्दी, ताप, डॉक्टर म्हणाले प्रवास नको."

त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. असं फार कमी लोक करतात, म्हणून मी खुशीत आलो होतो. मग त्यांनी ब्लाऊज माझ्यापुढं धरला.

"हा हुक बघा. लावलेला होता, तसाच गंजून कापडाला चिकटलाय. बऱ्याच काळात कुणी काढलाच नाही. घडीवर रंग उडालाय, एकाच रेषेत. वापरातला ब्लाऊज एका घडीत राहतो होय? मी जन्मभर कपडे बघत आलेय." मशीनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कधी गेल्या?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो. इतकी लहान गोष्ट मी आयुष्यात सांगितली नव्हती.

"मग असं का लिहिलं?"

"हात गेला."

त्यांनी ब्लाऊज खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय. पण घरचा रकाना असा, तर बाकीची तीन पानं मी कशी खरी धरू? ती सुनेला डोक्यावर घेऊन येणारी म्हातारी, ती तरी आहे काय?"

"ती अजून जन्मायची आहे."

त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला, पण तेवढाच. "काल देवापुढून तुमचा अर्ज मी बाजूला काढला. परत न्या. पुढच्या एकादशीला नवा लिहून आणा. एक ओळ जरी अशी निघाली तर जीप विसरा."

बाहेर आलो तर सुनेनं माझ्या शेजारचं पान उचललं होतं. गजरा तेवढा रांगोळीवर राहिला होता. ती हळूच म्हणाली, "काका, तुम्ही मागच्या सोप्यात बसता का जेवायला?" मी म्हणालो, सकाळीच सतरा इडल्या खाऊन आलोय. द्वादशीच्या उपाशी पोटी, विठ्ठलाच्या घरात!

डॉक्टरबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "काका, काकू गेल्या त्या दिवशी मी तुमच्या घरी आले होते. आणि त्या कागदावर माझी सही आहे." मग म्हणाल्या, "या गुरुवारी येऊ नका. घरी बसून लिहा."

तो गुरुवार घरी काढला. जीप निघायच्या वेळेला कपडे करून बसलो होतो, सवयीनं. मग खेड्याच्या नोंदींची वही उघडली. चारशेच्या चाळीस केल्या; मोजल्या तर सदतीस भरल्या. ओढे पोहणारी जीप दोनदा चिखलात रुतलेली जीप झाली. म्हातारीला काढलं. तिच्या जागी वहीतली एक खरी बाई आली. तिनं दोन्ही हातांना दुकानाच्या पिशव्या सुतळीनं बांधून पान बांधलं. त्या दिवशी तिला चक्कर आली नाही. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, पिशव्यांनी हात मंद चालतो. तिनं पिशव्या काढल्या आणि दुपारी भट्टीच्या सावलीत आडवी झाली. एवढंच. वाचून बघितलं तर माझा अर्ज पहिल्यांदाच कंटाळवाणा झाला होता.

दुपारपर्यंत तीन पानं संपली. चौथ्या पानावरच्या एका रकान्याला दिवेलागण झाली. 'एकटा' असं लिहिलं. पुढं बरीच जागा उरत होती. काहीतरी भरावं म्हणून शेजारच्या मांजराचा विचार केला, ते रोज माझ्याकडं दूध प्यायचं. पण ते माझं नव्हतं. जागा तशीच सोडली.

पुढच्या द्वादशीला न सांगता मागच्या सोप्यात जाऊन बसलो. तिथं एकेकटी माणसं एकेका पानावर बसतात, बहुतेक म्हाताऱ्या. शेजारच्या पानावर अक्का येऊन बसल्या.

"तुम्ही इथं?" मी विचारलं.

"मग कुठं? पुढं जोडपीच बसायची, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. मोडायचा तर आधी माझ्यासाठी मोडायला हवा होता." त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं. "एक हंगाम मंजूर केलाय. तीन नाही. पुढल्या वर्षी पुन्हा लिहून आणा, असंच."

त्यांच्या मुलानं विठ्ठलाच्या पायाशी ठेवलेलं पत्र आणून माझ्यापुढं ठेवलं. उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. बाजूला कागदात गुंडाळलेला मोतिया ब्लाऊज.

"हुक सोडवलेत मी," अक्का म्हणाल्या. "गंजलेले बदलले." मग भात कालवता कालवता त्यांनी विचारलं, "पहिल्या अर्जात बेट्टदपूरचा डोंगर होता. चढलाय कधी?"

"चढलोय? अहो, नवं लग्न झालेलं, हिला पाठुंगळी घेऊन, एका दमात..." इथं मी थांबलो. ही गोष्ट मी हजार वेळा सांगितलेली, कुठल्या पायरीवर लोक हसतात ते पाठ. "नाही," मी म्हणालो. "अर्ध्यावर मी बसलो. दम लागला होता. ती एकटी वर गेली. देवळाच्या भिंतीशी उभी राहून टॉवेल हलवत होती. खालून एवढीशी दिसत होती."

"मग पुढं?"

"पुढं काही नाही. ती दर्शन घेऊन खाली आली. आम्ही बसनं घरी आलो."

अक्कांनी मान हलवली आणि माझ्या पानावर आमटी वाढायला सांगितलं.

घरी येऊन ब्लाऊज पुन्हा कपाटात ठेवला, हुक न लावता. चावी आता कपाटालाच असते. गुरुवारी जीपमध्ये डॉक्टरबाई माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. हुणसूर मागं पडल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "काका, त्या हत्तीचं काय झालं?" मी खिडकीबाहेर बघत होतो. थोड्या वेळानं सांगायला लागलो.