अप्रूव दाबायला एक माणूस

"सर, वो गाड़ी मत हटाइए," मीनल म्हणाली. मीटिंगमध्ये सगळे तिच्याकडे बघायला लागले. माझं बिस्किट तेवढ्यात चहात तुटून पडलं होतं आणि मी ते चमच्यानं शोधत होतो. म्हणजे माझं लक्ष कुठे होतं ते बघा.

जागा फरीदाबाद. आमची कंपनी सीट कव्हर, हॉर्न, आरसे असला गाड्यांचा माल गोदामातून दिल्लीतल्या दुकानांत पोचवते, जास्त करून करोल बागेत. कुठली गाडी कुठल्या दुकानांना, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता, हे गणितानं ठरवतात. त्याला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. मी हे काम करतो असं गावी कळवलं, तर चुलत्यांनी त्यांच्या हर्नियाचे रिपोर्ट पाठवले.

खरं तर गणित मीनल करायची. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली आपली मराठी मुलगी, एम.एस्सी. झालेली. मी आठवी पास, फौजेतून रिटायर झालेला ड्रायव्हर. पण कार्डावर दोघांच्याही 'अ‍ॅनालिस्ट'. क्लायंटला दोन अ‍ॅनालिस्ट दाखवायचे होते, आणि टाय बांधता येणारा दुसरा माणूस ऑफिसात मीच होतो. दिल्लीच्या वेशीवर बदरपूरला जाम लागला की मी ओरडायचो, मीनल ते गणितात घालायची. एवढाच माझा रिसर्च.

या गणिताला मॉडेल म्हणतात. त्यातली मोडायची नाही अशी अट म्हणजे कन्स्ट्रेंट. मीनलचा एक कन्स्ट्रेंट होता: एक गाडी कायम मोकळी ठेवायची. आम्ही तिला स्टेपनी म्हणायचो. रस्त्यात कुठली गाडी बंद पडली की स्टेपनी जाऊन तिचा माल उचलायची. आता आमच्याकडची पद्धत अशी की ती फेरी स्टेपनीच्या नावावर टाकायची नाही, बंद पडलेल्या गाडीच्याच नंबरवर टाकायची. म्हणजे क्लायंटच्या रिपोर्टमध्ये ब्रेकडाउन दिसत नाही. कंप्यूटरच्या हिशेबानं स्टेपनी वर्षभर नुसती उभी.

मग एआय आलं. आमच्या खन्ना सरांनी सगळा डेटा त्याच्यात ओतला. मीनलला आठवडा लागायचा, यानं चहा येईपर्यंत प्लॅन दिला. पहिलीच सूचना: ही गाडी कधीच चालत नाही, काढून टाका.

मीनलला खरं कारण माहीत होतं. पण त्या मीटिंगमध्ये समोर क्लायंट बसलेला, ज्यांचा माल ते बन्सलजी. ब्रेकडाउन लपवले होते ते त्यांच्यापासूनच. बोलणार कशी?

"सर, इस पे बाद में बात करते हैं."

"अभी बताओ ना बेटा," बन्सलजी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. खन्ना सरांनीही बघितलं. "जाधवजी, आप बोलो. गाड़ी काम की है?"

मी 'हां, काम की है' म्हणायचं होतं. बास. पण एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली की माझ्या जिभेला खाज सुटते. मी म्हणालो, "सर, वो गाड़ी बिल्कुल मेरे जैसी है. खड़े-खड़े रिटायर हो गई."

काय हशा झाला! बन्सलजींनी टेबल बडवलं. त्या हशातच गाडी गेली.

लिफ्टपाशी मीनल म्हणाली, "काका, तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं."

"अगं, मी जरा वातावरण हलकं..."

"झालं की हलकं," ती म्हणाली आणि जिन्यानं गेली.

थोड्या दिवसांनी कळलं की आता एकच अ‍ॅनालिस्ट ठेवणार. मी डबा, चार्जर आणि जादाचा टाय पिशवीत भरून बसलो. मीनलला काढतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिचे वडील रिटायर होणार होते, क्वार्टर सोडायचं होतं. तिच्या नोकरीच्या भरवशावर घरचे दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट बघत होते.

खन्ना सरांनी मला आत बोलावलं. "जाधवजी, आप रह रहे हो."

"सर, गलती से? मैं तो आठवीं..."

"अरे यार, इसीलिए तो! मॉडल अब मशीन बनाती है. मीनल हर प्लॅन पे सवाल पूछती है. आपको बस देखना है और अप्रूव दबाना है. क्लायंट बोलता है, बीच में एक आदमी होना चाहिए."

एम.एस्सी.वालीला मी हरवलं, ते काही येत नाही म्हणून. वर मी थँक यू म्हणालो. आणि ते अप्रूवचं बटण कुठे असतं, हेही मला मीनलनंच दाखवलं. तिच्या शेवटच्या दिवशी.

दिवाळीआधीचा शनिवार. करोल बागेत पाय ठेवायला जागा नाही, सगळ्यांना माल आजच हवा. आणि आमच्या एका गाडीचा क्लच बदरपूरला गेला. बाकीच्या गाड्या भरून आधीच निघालेल्या. स्टेपनी तर मी जोक करून विकलेली. सीट कव्हरं रस्त्यातच बसली, दुकानदार बन्सलजींवर ओरडले, बन्सलजी खन्ना सरांवर.

"प्लॅन अप्रूव किसने किया था?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. स्क्रीनवर नाव होतं: जाधव. मशीनचं नाव कुठेच नव्हतं. बीचमधला आदमी कशाला हवा असतो, ते मला तेव्हा कळलं.

मी बाहेर जाऊन मीनलला फोन लावला. तिनं उचलला, हेच पुष्कळ.

"मीनल, मोकळ्या गाडीची अट त्या एआयला कशी सांगायची गं?"

तिनं एक ओळ सांगितली. मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. मग विचारलं, "तुझं काय चाललंय?"

"घरूनच करते काहीतरी. एआय असलीच गणितं सोडवतं, मी तपासते. चुकलं तर बरोबर कसं करायचं ते लिहून देते."

"अच्छा, म्हणजे तू त्याची मास्तरीण!"

"हो. शिकलं की मला काढणार." ती हसली नाही. मग म्हणाली, "फ्लॅटचं राहिलं, काका. बाबा गावी जायचं म्हणताहेत." आणि फोन ठेवला.

आत येऊन मी ती ओळ टाइप केली. एआय म्हणालं, 'उत्कृष्ट सूचना!' नवा प्लॅन आला. त्यात एक गाडी मोकळी.

खन्ना सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. खूश होऊन म्हणाले, "देखा जाधवजी? मशीन सीख गई!"

ही ओळ मीनलची आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. सर म्हणाले, "अप्रूव दबाओ." मी दाबलं.

या धंद्यात मी शिकलो ते एवढंच. मीटिंगमध्ये कुणाच्या पोटाचा प्रश्न चाललेला असताना तुम्हाला जोक सुचला, तर बिस्किट चहात बुडवू नका. अख्खं तोंडात घाला.