काळ्या गटातले पितळी वॉल्व्ह

नोकरीतली बरीच प्रकरणे मी विसरलो. हे विसरलो नाही, कारण यात एका निर्दोष माणसाच्या अटकेचे कागद मी स्वतः तयार करून ठेवले होते.

मी तेव्हा बडोद्यात फौजदार. नव्वदीच्या दशकात परदेशी भागीदार आला म्हणून एका कारखान्याने कोठाराची नवी वर्गवारी केली. पूर्वी माल यंत्राप्रमाणे ठेवत. बॉयलरचे सगळे एका खणात. आता वर्णनाप्रमाणे गट पाडले: पितळी, लोखंडी, रबरी. मोजणीत चाळीस पितळी वॉल्व्ह कमी भरले. तक्रार आली. पाठोपाठ निनावी फोन: स्टोअरकीपर जवळच्या पादरा गावातल्या भंगारवाल्याला माल विकतो.

स्टोअरकीपर मांजलपूरचा मराठी माणूस, बावीस वर्षे त्याच कोठारात. सकाळपासून ठाण्यात बाकावर बसवला होता. हवालदार म्हणाला, "काय काका, वॉल्व्हना पाय फुटले? चालत पादऱ्याला गेले?"

"कुठे नाही गेले, भाऊ. बॉयलरच्या खणात होते."

"खण आहे कुठे आता?"

"तेच तर म्हणतोय. मोडताना मला विचारलं कोणी? मोजणीला तर फाटकातूनच परत पाठवलं."

भंगारवाल्याकडे झडतीत काही मिळाले नाही. तरी कारखान्याचा मॅनेजर अडून बसला, "लिस्टमां नथी साहेब, एटले चोरी." यादीत नाही, म्हणजे चोरीच.

अटकेआधी कोठाराचा पंचनामा करायचा म्हणून स्टोअरकीपरला घेऊन गेलो. पंचनाम्यात आम्ही सोने लिहीत नाही, 'पिवळ्या धातूची साखळी' लिहितो. डोळ्यांना दिसेल तेवढेच. लिहिता लिहिता मॅनेजरला विचारले, "गट पाडले कोणी?"

"कंत्राटी मजुरांनी."

म्हणजे त्यांनीही दिसले तेच लिहिले. 'लोखंडी, काळे, किरकोळ' या गटाची पेटी उघडायला लावली. आत काळ्या ग्रीसने माखलेले नग. स्टोअरकीपरने एक उचलून फडक्याने पुसला. पिवळा निघाला. पंचांसमोर मोजले. चाळीस.

"आटे खराब होऊ नयेत म्हणून ग्रीस मीच लावलं होतं," तो म्हणाला. मग मॅनेजरकडे वळला. "आता कुठे ठेवू साहेब? पितळीत की बॉयलरच्यात?"

 तो निनावी फोन कोणाचा, ते शेवटपर्यंत कळले नाही.

पोलिसात येण्यापूर्वी मी कामगारांसाठी पत्रके लिहीत असे. माल ज्याच्या हाताखालून जातो त्याला आधी विचारा, असे ठणकावून लिहायचो. हा माणूस दिवसभर बॉयलरचा खण, बॉयलरचा खण म्हणत होता. ठाण्यात परतल्यावर अटकेचे कागद फाडले आणि त्याचा जबाब काढून पाहिला. त्यात खणाचा उल्लेखच नव्हता. जबाब मी लिहिला होता.