बबनने पाणी दिलेलं शेवटचं पातं

बबन गेल्याचं मला मासळी बाजारात कळलं. सकाळी भट्टीवर कोयत्याचं एक लाल पातं पाण्यात बुडवून, त्याला पाणी देऊन तो चहाला घरात आला आणि पडवीतच कोसळला... ऐकताच माझ्या मनात पहिला विचार आला, की आता इथल्या बायका कोयत्यासाठी माझ्याकडे येतील. लाज वाटते, पण आला. चाळीस वर्षं मी त्याच्यावर जळलो. तो गेला म्हणून खोड थोडीच जाते!

आम्ही दोघं माझ्या वडिलांच्या भट्टीवर शिकलो. मी मुलगा, तो शेजारचा. लाल पातं पाण्यात शिरलं की वरचा काळा पापुद्रा झडतो. खाली राखाडी अंग दिसलं तर पातं कडक झालं, काळं चिकटून राहिलं तर शंका. मी कानस फिरवून खात्री करायचो, कडक पात्यावर ती घसरते; बबन नुसता बघायचा. म्हणून बाबा हाक मारायचे ती त्याला, "बबन, बघ रे." मी तिथेच सांडशी धरून उभा असायचो.

पाणी दिलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते घासून, तापल्या लोखंडावर पाठ टेकवून पुन्हा हलकं तापवायचं. रंग पाठीकडून धारेकडे सरकतो... आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेला पिवळा लागता लागता काढायचं, निळा चढला की धार मऊ पडते. माझा नेहमी उशीर व्हायचा. बबन मागून ओरडायचा, "काढ! मेल्या, रंग दिसल्यावर काढून काय उपयोग?" त्याच्या ओरडण्याने माझी कितीतरी पाती वाचली, आणि प्रत्येक वेळी मी त्याला मनात शिव्या घातल्या. मासळी विकणारी पार्वतीकाकी तर तोंडावर सांगायची, "तुझा कोयता बरा हाय रे, पण बबनच्याची धार जात न्हाय."

तेराव्यानंतर बबनच्या बायकोने, वहिनींनी, ते त्या सकाळचं पातं माझ्या हातात दिलं. "भावजी, काकीचं आहे. तेवढं पुरं करा." मी उजेडात धरलं. सगळं अंग राखाडी, फक्त धारेपाशी बोटाएवढा काळा डाग. सांगायला नको, मला आनंद झाला. अखेर चुकलास! "पातं फसलंय," मी म्हणालो. वहिनींचा चेहरा पडला. काकीला मी माझा कोयता दिला.

घरी येऊन डागावर कानस फिरवली. ती घसरली, जराही चावली नाही. पातं मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत चोख होतं.

वहिनी, तुम्ही पेपरची ही पुरवणी वाचता, म्हणून इथेच सांगतो. मी खोटं बोललो. निदान पातं पुरं करून तुमच्याकडे आणावं म्हणून परवा भट्टी पेटवली. टाच तेवढी सोडून पातं घासून लख्ख केलं, पाठ टेकवली. पिवळा सरकू लागला. मी बघत होतो, रंग कळत होता, हातात सांडशी होती... आणि मी मागून हाक यायची वाट बघत राहिलो. धार निळी झाली.

पुन्हा लाल करून पाणी देता येईल. पण मग ते माझं होईल, बबनचं काही उरणार नाही. म्हणून ते भट्टीपाशी खिळ्याला तसंच टांगलंय. धारेवर माझा निळा, टाचेशी त्याचं राखाडी. पातं फसलंय असं मी तुम्हाला सांगितलं होतं, वहिनी. आता ते खरं आहे.