स्लॉट शोधणारा अतीक

चहा बशीत ओतून अर्धाच प्यायचा. पाण्याच्या बाटलीवर पेनानं रेघ मारायचा आणि दिवसभरात पाणी रेघेखाली गेलं नाही की स्वतःलाच शाबास म्हणायचा. डावी बाही कधी वर करायचा नाही. तिथं डायलिसिसच्या सुयांच्या गाठी होत्या. दुसऱ्याचा मोबाइल अडला की न विचारता हात पुढं करायचा.

अतीक माझा शाळेपासूनचा मित्र. मी एम.ए. केलं, तो कॉम्प्युटरकडं गेला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची वेबसाइट सांभाळायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

त्याचं डायलिसिस केंद्र पुढच्या आठवड्याचे स्लॉट, म्हणजे मशीनवरच्या वेळा, ऑनलाइन सोडायचं. लांब मोडनिंब, करकंबपर्यंतच्या गावांतले पेशंट त्यावर टपलेले. पान उघडेपर्यंत सगळे भरायचे. म्हणून अतीकनं एक प्रोग्राम लिहिला. तो पानावरचं बटण शोधून स्वतःच दाबायचा.

"त्याला बटण कळतं कसं?" मी विचारलं.

"प्रत्येक बटणाला आतून एक नाव असतं. ते रोज बदलतं, पण सुरुवात 'स्लॉट'नंच होते. पुढं नुसते आकडे. मी प्रोग्रामला सांगितलंय, सुरुवात बघ, शेपूट सोड."

"भारी की."

"तुझ्या एम.ए.ला दाबायला सांग एखादं बटण."

त्याची अम्मी, अजीजाखाला, आतून ओरडली, "बातां बस करो, खाना ठंडा होरा."

वर्षभर नीट चाललं. मग केंद्रानं वेबसाइट बदलली. बटणांच्या नावात आकडे पुढं आले आणि 'स्लॉट' मागं गेला. अतीकनं अट सैल केली: नावात कुठंही 'स्लॉट' असला तरी चालेल. नव्या पानावर घेतलेला स्लॉट रद्द करायचं बटणही होतं. त्याच्याही नावात 'रद्द'च्या जोडीनं 'स्लॉट' होता, आणि ते सगळ्यात वर होतं. प्रोग्रामनं पहिलं सापडलेलं बटण दाबलं. अतीकचा आधीच घेतलेला शुक्रवार गेला. ती जागा लगेच दुसऱ्या कुणीतरी घेतली.

शुक्रवारी मी गेलो तेव्हा तो लॅपटॉपसमोर होता. चेहरा सुजलेला.

"केंद्रात फोन कर की."

"काय सांगू? माझ्याच प्रोग्रामनं माझी जागा घालवली? ऑनलाइनच बंद करतील माझं. सोमवारचा हाय. तोवर काढतो. आधी हे दुरुस्त करू दे. बंद ठेवला तर पुढचा आठवडा मिळणार न्हाय, चालू ठेवला तर सोमवार पण उडवेल."

अम्मीला त्यानं सांगितलं, केंद्राला सुट्टी आहे. तिनं विश्वास ठेवला. तिला तो कधी खोटं बोललेला माहीत नव्हता.

रविवारी दुपारी त्याला श्वास पुरेना. रिक्षात तो अम्मीच्या खांद्यावर होता. दवाखान्याच्या फाटकापाशी मान कलली. डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम वाढलं, हृदय थांबलं.

अजीजाखालानं परवा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "देख रे, क्या करता था वो." प्रोग्राम उघडाच होता. पहिली अट लिहिलेली: नावात 'स्लॉट' असावा. खाली दुसरी सुरू केलेली: नावात 'रद्द'... 'नसावा' लिहायचं राहिलेलं. ती ओळ मधेच थांबलेली आहे.