गळ्यातले रुपये

बाबा गेल्यावर आम्हा दोघा भावंडांत वाटून घ्यावं असं फारसं काही मागं राहिलं नव्हतं. ते तिगावला रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर पांढुर्ण्याला माझ्या लहान भावाकडं राहायला आले. घर भावानंच बांधलेलं. पेन्शन त्यांच्याबरोबर संपली. राहिला तो दूध पावडरीचा एक डबा आणि त्यातले चांदीचे जुने रुपये. राणीछाप, राजाछाप, आणि काही इतके झिजलेले की डोकं राणीचं की राजाचं ते सांगता येऊ नये.

हे रुपये आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की बाबा खाटेवर टॉवेल पसरायचे, डबा त्यावर उपडा करायचे आणि एकेक रुपया उचलून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. मग परत डब्यात. घासायचे नाहीत, चमकवायचे नाहीत. कुठून आणले विचारलं तर म्हणत, घेतले. कशाला विचारलं तर म्हणत, आवड आहे. जो माणूस चप्पल तीनदा शिवून वापरतो त्याला अशी आवड असावी, याचं शेजाऱ्यांना मोठं नवल वाटायचं. आई सुरुवातीला चिडायची. दिवाळीचा बोनस मिळाला की लोकांच्या घरी पंखा यायचा, आमच्याकडं एक काळपट रुपया. नंतर नंतर तिनं बोलणं सोडलं.

मी सौंसरला तहसीलीत नोकरी करते. लग्न होऊन इथंच आले, इथंच राहिले. भाऊ पांढुर्ण्याला वीज खात्यात. बाबांना जाऊन वर्ष झालं आणि त्याच सुमारास चांदीचे भाव रोज चढू लागले. ऑफिसात, बसमध्ये, जिथं तिथं तीच गोष्ट. भावाच्या बायकोला तो डबा घरात नकोसा झाला. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सगळे लग्नाकार्याला बाहेर गेले की घराला नुसतं कुलूप, आणि डब्याची गोष्ट तर सगळ्या मोहल्ल्याला माहीत. भावानं मला फोन केला. मी म्हटलं, विकून टाकू. मला ते सांगायला जड गेलं नाही. बाबांची सायकल भंगारात दिली तेव्हाही गेलं नव्हतं.

नुसत्या चांदीच्या भावात द्यायच्या आधी कोणा जाणकाराला दाखवावं असं भावाच्या मनात होतं. कोणीतरी त्याला नागपूरच्या एका नाणी घेणाऱ्याचा नंबर दिला. फोटो पाठवले. त्या माणसाचं सौंसरला संत्र्याच्या बगीच्याचं काही काम होतं, तेव्हा तो म्हणाला की तिथंच येऊन बघतो. भाऊ डबा पिशवीत घालून मोहगाववरून येणाऱ्या बसनं सकाळीच माझ्याकडं आला.

नाणीवाला साठीच्या आतला, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. त्यानं खिशातून भिंग काढलं आणि एकेक रुपया बघायला लागला. तो समोरची बाजू फार वेळ बघतच नव्हता. वरची कड बघायचा आणि ठेवून द्यायचा. मी चहा ठेवून आले तोवर त्यानं दोन ढीग केले होते. एकात तीन रुपये, दुसऱ्यात बाकीचे सगळे.

त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. पूर्वी बाया रुपयांची माळ घालत. त्यासाठी सोनार रुपयाला वरून एक कडी झाळून, म्हणजे डाख लावून, जोडून देई. पुढं माळ मोडली की कडी काढून टाकत, पण झाळलेल्या जागी टिकलीएवढा डाग राहतोच. असा रुपया संग्रह करणारा घेत नाही. तो फक्त चांदीच्या वजनावर जातो. त्यानं माझ्या हातात भिंग दिलं. डाग दिसला. दुसऱ्यावरही दिसला, तिसऱ्यावरही. बिनडागाचे ते तीन रुपये त्यानं बऱ्या किमतीत घेतले. ते आईच्या माहेरचे असावेत असं मला मागाहून वाटलं, पण आता विचारणार कोणाला.

उठताना तो सहज म्हणाला, "ज्यांनी जमवले त्यांना यातलं कळत नव्हतं. कोणीतरी खराब माल गळ्यात मारत गेलं."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. तरी भावाचा चेहरा पडला. तो गेल्यावर भाऊ रुपये एकेक करून डब्यात भरू लागला. बाबा हे रुपये पांढुर्ण्याच्या एकाच सराफाकडून घेत, एवढं आईकडून आम्हा दोघांना कळलं होतं. अडाणी गँगमन बघून सराफानं आयुष्यभर त्यांना फसवलं, असा त्यानं अर्थ लावला. मीही तोच लावला. फरक एवढाच की मला राग आला नाही, वाईटही फारसं वाटलं नाही. बाबांना फसवणारा तो काही एकटाच नसणार, असं मनात आलं.

पुढच्या रविवारी मी पांढुर्ण्याला गेले. मोड त्याच सराफाकडं घालायची असं भावानं ठरवलं होतं. त्याला भाव तर हवाच होता, पण चार शब्द सुनवायचेही होते.

दुकान जुनंच, पण आत सगळं काचेचं झालेलं. सराफ सत्तरीचा होता. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यानं आम्हाला गादीवर बसवलं, बाबा गेल्याचं कळलं होतं म्हणाला, आणि डबा बघूनच त्यानं मान हलवली. भावानं वेळ घालवला नाही. नागपूरच्या माणसानं जे सांगितलं ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "आमच्या बाबाले सारे कडीवालेच कायले देत गेले तुम्ही?"

सराफ रागावला नाही. त्यानं एक रुपया उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि ठेवला.

"तुमचे बाबा दुसरे घेतच नव्हते ना," तो म्हणाला. "म्या किती खेपा चांगले दाखवले त्याईले. म्हणत, हा नको. गळ्यातला असंल त दे."

मग त्यानं जे सांगितलं ते आम्हाला दोघांनाही नवं होतं. त्यातलं निम्मं त्यानं स्वतः पाहिलेलं, निम्मं त्याच्या वडलांकडून ऐकलेलं.

आमची आजी, बाबांची आई, तिगावजवळच्या गावात राहणारी, दुसऱ्याच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाणारी. तिच्याकडं तिच्या आईकडून आलेली रुपयांची माळ होती आणि माळेच्या मधोमध देवीचा टाक. नागपूरला जाऊन तिनं दीक्षा घेतली, घरातले देव काढले, तो टाकही काढून नदीत सोडला. थोड्याच दिवसांनी तिच्या गावच्या मोहल्ल्यात विहार बांधायचं ठरलं. ज्याला जे जमेल ते तो देत होता. आजी माळ घेऊन या दुकानात आली. सोबत बाबा होते, शाळकरी वयाचे. सराफाच्या वडलांनी तिला सांगून पाहिलं की मोडू नको, गहाण ठेव, पुढंमागं सोडवून नेशील. ती म्हणाली, ठेवायची नाही, द्यायची आहे. तिच्यासमोरच कड्या काढल्या गेल्या. विहाराचा ओटा त्या पैशातून झाला.

बाबांना रेल्वेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराला ते परत या दुकानात आले. माळेतले रुपये आहेत का म्हणून विचारलं. सराफाचे वडील हसले. इतक्या वर्षांनी कुठले असणार, ते तर केव्हाच आटवले गेले.  बाबा म्हणाले, तसेच दुसऱ्या कोण्या बाईच्या गळ्यातले आले तर मला सांगा. तेव्हापासून मोडीत असा रुपया आला की सराफ एखादा बाजूला ठेवी. बाबांना जमेल तेव्हा ते घेऊन जात.

"माळंत किती होते?" मी विचारलं.

"ते कोणाच्या ध्यानात राहते बाई."

 भावाचे चार शब्द तोंडातच राहिले. मी मात्र विचार करत होते की बाबांनी हे घरी कधी का सांगितलं नसावं. आम्हाला वंदना त्यांनीच शिकवली. मोहल्ल्यात कोणी जुन्या देवाधर्माकडं वळलेलं दिसलं की ते समजावायला जात, चारचौघांत उभे राहून बोलत. आजीनं केलं ते बरोबर केलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसणार, निदान मला तरी तसं वाटतं. पण आईच्या गळ्यातून माळ निघताना मुलानं पाहिली होती आणि ती त्याला परत हवी होती. या दोन गोष्टी एका माणसाच्या पोटात मावू शकतात. सांगायला गेलं तर ऐकणारा यातली एकच धरून बसतो, म्हणून ते गप्प राहिले असतील. हा माझा अंदाज. ते स्वतः काही बोलून गेले नाहीत.

सराफानं विचारलं, काय करायचं?

भावानं माझ्याकडं पाहिलं. "ताई, नेऊ का वापस?"

"नेऊन ठेवशील कुठी?" मी म्हटलं.

 त्याच्या बायकोला चोरीची भीती काल होती तशीच आजही होती. माझ्याकडं ठेवायचे म्हटले तर मीही दिवसभर बाहेरच. बँकेत लॉकर घेऊन त्यात डबा ठेवायचा, आणि मग तो उघडून कड कोण चाचपणार? आमच्या मुलांना तर यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सराफाला म्हटलं, काट्यावर घ्या.

त्यानं झाळातल्या हलक्या धातूपोटी वजनात थोडी घट धरली, आणि ती धरताना आम्हाला सांगूनच धरली. एक रुपया छिन्नीनं कापून आतला रंग दाखवला. पैसे दोघांच्या खात्यात अर्धे अर्धे आले. डबा रिकामा झाला तसा त्यानं तो पुसून भावापुढं ठेवला. भावानं तो तिथंच राहू दिला.

बाहेर आल्यावर आम्ही बसस्टँडवर चहा घेतला. भाऊ म्हणाला, बाबानं आपल्याले तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, हो. मग माझी बस लागली.

तिगावजवळच्या त्या विहारात मी नंतर एकदा, कार्यालयाच्या कामानं त्या बाजूला गेले असताना जाऊन आले. आता तिथं स्लॅब आहे, फरशी आहे, दर्शनी भिंतीवर देणगीदारांची पाटी आहे. जुना ओटा कुठं होता हे तिथल्या कोणाला सांगता आलं नाही. पाटी नवी, नावं अलीकडची. मी दहा मिनिटं बसले आणि निघाले.

चारेक महिन्यांनी भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला की मुलीला शाळेतून काहीतरी लिहायला सांगितलं आहे, घरातली एखादी जुनी वस्तू बघून. बाबांच्या डब्यातला एक रुपया दोन दिवसांसाठी देतेस का?

मी म्हटलं, "माझ्याजवळ कुठी आहे?"

तो म्हणाला, "तू एक ठेवला असशील असं वाटून राहिलं होतं मले."

"मले वाटलं तू ठेवला."

त्या दिवशी सराफ छिन्नी घ्यायला आत गेला होता आणि ढीग आमच्या दोघांच्या मधे तसाच पडून होता. एक उचलून घ्यायला कोणाला विचारावं लागलं नसतं. भावानं दुसऱ्या दिवशी सराफाकडं जाऊन विचारलं. माल आम्ही विकला त्याच आठवड्यात आटणीला गेला होता. कडीवाला दुसरा आला तर ठेवतो, असं सराफ त्याला म्हणाला. भाऊ नको म्हणून परत आला.

मुलीनं मग आमच्या आईच्या पाट्यावरवंट्यावर लिहिलं. भावानं मला त्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर चांगलं आहे तिचं.